नळीची वाटी

खुनाची तयारी आम्ही सकाळी कांदे चिरतानाच सुरू करायचो.

दचकू नका. मी एका आलिशान पर्यटन रेल्वेगाडीच्या स्वयंपाकघराची मुख्य होते, आणि त्या गाडीत दर फेरीला दुपारच्या जेवणात एक खोटा खून व्हायचा. पाहुण्यांपैकी कुणीतरी ठरल्याप्रमाणे जेवता जेवता टेबलावर डोकं टेकायचं, आणि विष कुणी घातलं ते बाकीच्यांनी शोधून काढायचं. असल्या खेळाची लोकांना भारी हौस. गाडीचं खरं नाव मी इथे लिहीत नाही. आम्ही कामाची माणसं तिला 'राणीसाहेब' म्हणायचो, कारण तिला कधी घाई नसायची आणि सिग्नलनं अडवलं की ती रुसल्यासारखी तासन्‌तास उभी राहायची. निवृत्त झाल्यापासून जो भेटतो तो मला एकच विचारतो, "मावशी, तो खरा खून काय झाला होता हो?" झाला नव्हता. पण होता होता राहिला तो माझ्या डोळ्यांसमोर, माझ्याच हातच्या रश्श्यात. म्हटलं, आता एकदाचं लिहूनच टाकावं.

आधी धंदा समजून घ्या. चालत्या गाडीत स्वयंपाक करणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला पटकन कळत नाही. आमच्या स्वयंपाकघराला अख्खा डबा दिलेला होता, पण रुंदी एवढीच की माझ्यासारखी दुसरी कुणी समोरून आली तर एकीला माघार घ्यावी लागे. जाळ नाही, सगळं विजेवर. पातेलं निम्म्याच्या वर भरायचं नाही. सुरी कट्ट्यावर विसरायची नाही, नाहीतर आदर्कीच्या घाटात ती कुणाच्या पायावर उतरेल सांगता येत नाही. रस्सा वाटीत पाऊणच ओतायचा, आणि टेबलावर प्रत्येक वाटीखाली ओल्या फडक्याची चौकोनी घडी घालायची. ही फडक्याची युक्ती माझी स्वतःची, आणि तिचा मला आजही गर्व आहे. गाडीनं कितीही झोला घेतला तरी वाटी जागची हलत नाही.

आणखी एक गोष्ट आपोआप अंगात मुरते. गाडी चालू आहे की उभी, हे डोळे मिटूनही पायांना कळतं. घरी आल्यावर कितीतरी दिवस मी ओट्यापाशी पाय फाकवून उभी राहत होते आणि सून तोंडाला पदर लावून हसत होती.

माझं माहेर कवठे महांकाळचं. वडील गावोगावच्या यात्रांत मटणाची पातेली लावायचे. तिथं चुलीपाशी पुरुषांचंच राज्य. बायकांनी मसाला वाटून द्यायचा आणि बाजूला व्हायचं. मी बाजूला झाले खरी, पण डोळे तिथंच ठेवून. वडिलांची एक खोड मी उचलली. पंगतीचा पहिला घास बघितल्याशिवाय ते पाठ फिरवायचे नाहीत. गाडीतही वाढपी वाट्या घेऊन गेले की मी जेवणाच्या डब्याच्या दारात, पडद्याआड जाऊन उभी राहायचे. तोंडानं सगळेच 'छान' म्हणतात. खरं काय ते भुवया सांगतात.

गिऱ्हाईकं तऱ्हेतऱ्हेची. एका बाईंनी झुणका परत पाठवला, कारण त्याला त्यांच्या आजीच्या झुणक्याचा वास नव्हता. एका गृहस्थांना भाकरी हवी होती, पण पिठाची नको होती. असल्यांना सांभाळून घ्यायला शिकलं की माणूस कुठल्याही लग्नघरात टिकतं.

खुनाचा खेळ चालवायचा निमिष, पुण्याचा एक उमदा नट. भर मे महिन्यातही लांब काळा कोट घालून, हातात भिंग घेऊन डब्यांतून फिरायचा. आज कोण मरणार हे त्याला, मला आणि त्या मरणाऱ्याला, एवढ्यांनाच माहीत असायचं. मरणाऱ्याची वाटी चुकू नये म्हणून मी तिच्यात एक नळी उभी करून ठेवायचे. नळी म्हणजे आत मगज भरलेलं मटणातलं हाड. पंगतीत ज्याच्या वाट्याला येतं तो नशीबवान. आमच्या गाडीत मात्र ज्याच्या वाटीत नळी तो मेला. जेवणाआधी निमिष पाहुण्यांना माझ्या स्वयंपाकघरात सोडायचा, 'पुरावे शोधा' म्हणून. मग काय विचारता! कुणी हिंगाच्या डबीत नाक घालतंय, कुणी फ्रीजमागे वाकतंय, कुणी माझ्याच खिशाकडे संशयानं बघतंय. मी वरवर कुरकुर करायचे, पण खरं सांगते, मला त्या गोंधळाची लय मजा वाटायची. जिच्या स्वयंपाकघरात आयुष्यभर कुणी डोकावलं नाही अशी बाई मी. इथं लोक माझ्या पातेल्यांचा तपास करत होते!

एकदा मात्र खेळ आमच्याच अंगाशी आला. वाईचं एक मोठं घराणं आलं होतं. शाकाहारी मंडळी, म्हणून नळीऐवजी मी वाटीत शेवग्याची शेंग उभी केली होती. ठरलेले काका व्यवस्थित मेले, टाळ्या पडल्या, आणि तेवढ्यात एक आजी जेवणावरून उठल्या.

"अहो आजी, खोटं आहे ते," निमिष म्हणाला.

"खोटं असेना का. पंगतीत मढं असताना माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही," आजी म्हणाल्या.

त्या उठल्या म्हणून सुना उठल्या, सुना उठल्या म्हणून मुलगे उठले, आणि माझं केशर घातलेलं श्रीखंड जसंच्या तसं परत आलं. तेव्हापासून निमिषनं नियमच केला. मेलेल्यानं गोडाची वाटी येईपर्यंत पडून राहायचं आणि गोड आलं की उठून बसायचं. तोवर त्याला कुणी हात लावायचा नाही, हलवायचं नाही, नाहीतर खेळाची मजा जाते. हा नियम तेवढा लक्षात ठेवा.

आता त्या दिवसाचं सांगते.

पलूसच्या एका आप्पांची पंचाहत्तरी होती. आप्पा म्हणजे फौजेतून सुभेदार होऊन परतलेले, ताठ कण्याचे, पांढऱ्या मिशांचे द्राक्ष बागायतदार. बायको वारलेली. एकुलती एक लेक शैला, ती सांगलीला दिलेली. तिचा नवरा रणजित. त्यानंच सासऱ्याच्या वाढदिवसासाठी जेवणाचा अख्खा डबा घेतला होता, आणि आत्या, चुलते, भावकी सगळ्यांना साताऱ्यात गाडीत बसवलं होतं. त्यानंच आधी फोन करून निमिषला सुचवलं होतं, "आमच्या सासऱ्यांनाच मारा. म्हाताऱ्याला जाम मजा येईल." त्यानं खोदून विचारलं म्हणून निमिषनं त्याला नळीची खूण आणि खेळाचे नियमही सांगून टाकले होते. निमिषनं मला हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं, बघा, किती हौशी जावई आहे.

पुरावे शोधायला सगळ्यांत आधी आले ते आप्पाच. दारातच उभे राहून त्यांनी दीर्घ श्वास घेतला.

"यात्रंचा वास हाय ह्यो! कुटलं गाव वो बाई तुमचं?"

"कवठे महांकाळ."

"तरीच. कोरडवाहू माणसालाच रश्श्याची किंमत कळती." मग इकडेतिकडे बघून ते माझ्याजवळ आले आणि कुजबुजले, "बाई, मरायचं कसं असतंय? डावीकडं पडू का उजवीकडं?"

"कुणीकडंही पडा आप्पा, तेवढं रश्श्यात पडू नका."

"पलटनीत उभी हयात गेली, कवा मेलो न्हाई. आता मरून बगतो की!"

एवढा मोठा माणूस, पण शाळेच्या नाटकात पहिल्यांदा काम मिळाल्यासारखा फुलला होता. कट्ट्याला टेकून ते मग बागेबद्दल बोलत राहिले. रस्त्याकडेची बाग, बायकोनं स्वतः उभं राहून लावून घेतलेली. "जावईबापू म्हनत्यात प्लॉट पाडू. गिऱ्हाईक बी हुडकून ठेवलंय. म्या म्हनलं, म्या हाय तवर बागंला कुनी हात लावायचा न्हाई. माज्या मागं शैली काय करील ते करील." हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही. घरातली गोष्ट सांगावी तसं सांगितलं.

तेवढ्यात बाकीचा लोंढा आला. आप्पांची बहीण, गावभर आत्याबाई म्हणून ओळखली जाणारी, मिठाची बरणी उजेडात धरून बघू लागली. शैला माझ्या मसाल्याच्या डब्यापाशी रेंगाळली आणि कांदा-लसूण मसाल्यात मी दगडफूल किती घालते ते विचारू लागली. आमच्याच मुलखातली पोर, तिला मसाल्यातलं कळत होतं. आम्ही दोघी त्यात रमलो. भरलेल्या वाट्या पलीकडच्या विजेवर तापणाऱ्या कट्ट्यावर ओळीनं मांडलेल्या होत्या, नळीची वाटी टोकाला. रणजित त्या बाजूला होता. आप्पा बाहेर बोळकांडीत, दाराच्या चौकटीशी.

कऱ्हाड गेलं. वाढप सुरू झालं. आधी भाकरीबरोबर सुकं मटण गेलं. रणजितनं ते दोनदा मागून घेतलं. मला आवडतात असे जेवणारे. ताकारीच्या अलीकडे गाडी सिग्नलला उभी राहिली, दोन्ही बाजूंना ऊस. मी वाढप्यांना म्हटलं, आत्ताच रस्सा न्या, गाडी उभी आहे तोवर. आणि पडद्याआड जाऊन उभी राहिले.

आप्पांच्या समोर नळीची वाटी आली. निमिषनं दुरून डोळ्यानं खूण केली. मी पडदा जरा सारला, आप्पा आता कुणीकडं पडतात बघू म्हणून. आप्पांनी वाटीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग वाटी फडक्यासकट उचलली, उठून उभे राहिले आणि शेजारी बसलेल्या जावयासमोर ठेवली.

"जावईबापू, नळी जावयाची. रीत हाय आपली."

ही रीत आमच्याकडे कुणाला समजावून सांगावी लागत नाही. घरात मटण शिजलं आणि जावई पंगतीला असला की नळी त्याची. सासरा स्वतःच्या ताटातली काढून देतो, आणि जावई एकदा 'नको नको' म्हणून मग घेतो. ती नाकारलेली मी जन्मात बघितली नव्हती.

"नको आप्पा, आज तुमचा वाढदिवस," रणजित म्हणाला.

हे एकदाचं 'नको'. इथवर सगळं ठीक होतं. पंगतीनं आपलं काम सुरू केलं.

"आवं घ्या की पाव्हणं!"

"सासऱ्यानं हातानं दिल्याली नळी कुनी परत देतंय व्हय?"

"लाजतंय बगा जावई, लाजतंय!"

आमच्या मुलखातला आग्रह तुम्हाला माहीत असेल. त्यापुढं भलेभले जेवून आडवे होतात. पण हा गडी वाटीला हात लावीना. पित्ताचं कारण सांगितलं. आत्याबाई म्हणाल्या, "नळीनं पित्त पळतंय." मग तो म्हणाला, "आज माझा शनिवार आहे."

शैला खळखळून हसली. "कवापास्नं? आत्ता सुकं दोनदा घेतलंसा की!"

डबा हसण्यानं दणाणला. माझ्या शेजारी येऊन निमिष घामाघूम होत कुजबुजला, "मावशी, आता मरायचं कुणी?" मी त्याला गप्प बसवलं, कारण मला रणजितच्या भुवया दिसत होत्या. त्या लाजणाऱ्या माणसाच्या नव्हत्या.

त्यानं पाणी घ्यायच्या मिषानं कोपर पुढे केलं आणि वाटीला ढोसलं. वाटी हलली नाही. खाली ओलं फडकं होतं ना! त्यानं पुन्हा ढोसलं, जोरात. रश्श्याचे चार थेंब उडाले, वाटी तिथंच.

"धक्का बसला गाडीचा," तो म्हणाला.

माझ्या पायांना माहीत होतं, गाडी ताकारीच्या सिग्नलला गप्प उभी होती.

"आवं पाव्हणं, गाडी हुबी हाय!" आत्याबाई ओरडल्या आणि पुन्हा हसण्याची लाट आली. सगळ्यांना वाटत होतं हा खेळाचाच भाग आहे. मलाही निम्मं तसंच वाटत होतं.

शैलाला नवऱ्याची कीव आली असावी. ती हसत हसतच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, नका मागं लागू त्यांच्या. आना हिकडं, मीच खाते. लहानपनी समदी चुलत भावांस्नी, मग पाव्हण्यास्नी. नळी कवा वाट्यालाच आली न्हाई बगा मला." आणि तिनं वाटी स्वतःकडे ओढली, भाकरीचा तुकडा मोडला.

त्या वेळी मी भाकरीकडे बघत नव्हते, रणजितकडे बघत होते. त्याला वाईट वाटतंय का, राग येतोय का, एवढंच मला बघायचं होतं. त्याची बायको त्या वाटीत घास बुडवत होती आणि तो खिडकीबाहेर उसाकडे बघत होता.

घास रश्श्याला टेकला, आणि आप्पांचा हात शैलाच्या मनगटावर पडला. "थांब पोरी."

मी कशी धावले मला आठवत नाही. पडदा माझ्या खांद्यावरच राहिला होता, असं निमिष नंतर सांगायचा. मी वाटी उचलून नाकाशी नेली. वर माझा मसाला, आणि त्याच्या खाली दबलेला दुसरा एक वास. आमच्याकडे बागेवर फवारणी चालू असली की तो वास सदऱ्यांना, हातांना, गोठ्याच्या दाराला येतो. शेंबड्या पोराला विचारलं तरी ओळखेल.

"कुणी काही खाऊ नका!" मी ओरडले. "ह्यात खरंच औषध हाय! फवारणीचं औषध!"

काय झालं असेल? टाळ्या पडल्या. शिट्ट्या वाजल्या. "बाईनं काय काम केलंय!" आत्याबाई म्हणाल्या. मी म्हटलं, "देवाशपथ खरं सांगते." टाळ्या आणखी वाढल्या. मी निमिषकडे बघितलं. त्याला बिचाऱ्याला वाटलं मी खेळ सावरून घेतेय. त्यानं मला वाकून नमस्कार केला! इतकी चिडले, इतकी घाबरले आणि इतकी हतबल झाले मी त्या क्षणी, की रडू फुटायचं तेवढं बाकी होतं.

आणि रणजितला सूर सापडला. तो टाळ्या वाजवत उठला. "मी ओळखलं! खुनी शेफच! वाटी कुणी भरली? ह्यांनीच भरली."

"व्हय व्हय, बाईच!" पंगत ओरडली.

"द्या मावशी, पुरावा माझ्याकडे द्या," म्हणत तो हसत हसत माझ्या अंगावर आला. डोळे हसत नव्हते. पलीकडे दोन पावलांवर हात धुवायचं बेसिन होतं. वाटी एकदा त्यात गेली की संपलं, हे मला लख्ख कळलं. मग कुणी काही शोधून उपयोग नव्हता. आज ना उद्या आप्पा जातील आणि ही पोर ह्याच माणसाबरोबर नांदायला घरी जाईल. आणि काही बाहेर आलंच, तर वाटी भरणारी मीच होते, हेही खोटं नव्हतं. मी वाटी दोन्ही हातांनी छातीशी धरली. गरम रस्सा पांढऱ्या कोटावरून ओघळला. चटका बसला तरी मी सोडली नाही.

"खाली बस!"

आप्पांचा आवाज. असा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. सगळा डबा जागच्या जागी बसला. निमिषसुद्धा बसला. रणजितही बसला.

"खेळ संपला," आप्पा म्हणाले. मग आवाज खाली आला. "म्या बगितलं तुला, वाटीवर वाकल्याला. मला वाटलं खेळाचंच काय तर आसंल. मीठ जादा घालून म्हाताऱ्याची गंमत करतूय. म्हनून म्हनलं, तुजी गंमत तूच खा. तू खाल्लं न्हाईस. ते बी म्या गिळलं आसतं रं. पर पोरीचा घास वाटीपातूर गेला, आनि तू उसाकडं बगत बसलास."

शैलाच्या हातात तो भाकरीचा तुकडा तसाच होता. तिनं आधी तुकड्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे.

"तुमी बोलला का न्हाईसा?" तिनं विचारलं.

सिग्नल पडला आणि गाडी हलली.

आमच्या गार्डनं पुढे कळवलं. सांगली स्टेशनात पोलीस उभे होते. वाटी मी ताटलीनं झाकून, फडक्यात बांधून स्वतःच्या हातानं दिली. रणजितच्या खिशात छोटी बाटली सापडली, आणि पुढे तपासणीत जे निघालं ते माझ्या नाकानं आधीच सांगितलं होतं. मला सुन्न केलं ते वेगळ्याच गोष्टीनं. पोलीस निमिषला खेळाचे नियम विचारत होते आणि तो सांगत होता: मेलेल्याला गोड येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. तिथं आम्हा दोघांना एकदमच उमगलं. आप्पा खरोखर पडले असते तर अख्ख्या भावकीनं टाळ्या वाजवल्या असत्या. मी पडद्याआडून कौतुक केलं असतं, म्हातारा काय झकास मेला म्हणून. आणि श्रीखंड वाढेपर्यंत कुणी त्यांच्या तोंडावर पाणीसुद्धा मारलं नसतं. म्हणून त्याला मरणारे आप्पाच हवे होते. निमिषनं तिथंच प्लॅटफॉर्मवर अंगातला कोट काढला, आणि पुन्हा तो त्याच्या अंगात मी बघितला नाही.

खेळ बंद झाला. चुकीचं वाटेल, पण मला आजही त्याची हळहळ वाटते. इतकी माणसं माझ्या स्वयंपाकघरात पुन्हा कधी हसली नाहीत.

जबाब चालू होते तेव्हा आप्पा बाकावर एकटेच बसले होते. मी चहा नेऊन दिला. ताठ कणा तसाच, पण कप त्यांनी तोंडाला लावला नाही.

"आप्पा, तुम्हाला आधीच संशय आला होता ना?"

"आला हुता," ते म्हणाले. "पर खाईल आसं वाटत हुतं वो बाई. घे म्हनताना बी मनात म्हनत हुतो, खा रं, खा. खाल्लं आसतंस तर माजा संशय खोटा ठरला आसता, लय बरं झालं आसतं."

त्यांचा चहा गार झाला.

पुढच्या वर्षी त्यांनी मला पलूसला बोलावलं, त्यांच्या गावच्या यात्रेला. खटला चालूच होता. शैला माहेरी आली होती आणि बाग तीच बघत होती. आप्पांनी सगळ्यांदेखत सांगितलं, "ह्या वर्षी पातेलं बाई लावनार." चुलीपाशी राज्य करणाऱ्या बापयांची तोंडं बघण्यासारखी झाली होती. मी पदर खोचला, त्यांनाच कांदे चिरायला बसवलं, आणि जाळावर, न हलणाऱ्या जमिनीवर मटण शिजवलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच पातेलं काठोकाठ भरलं.

पंगत बसली. भावकी होती, आत्याबाई होत्या, चुलत घरचा नवा जावईही होता. पहिली नळी आप्पांनी स्वतः पळीनं काढली. सगळ्यांच्या नजरा नव्या जावयाकडे गेल्या. आप्पा त्याच्यावरून पुढे गेले आणि त्यांनी नळी शैलाच्या वाटीत ठेवली.

कुणी आग्रह केला नाही. कुणी हसलं नाही. शैला वाटीकडे बघत बसली. तिचा हात उचलेना. का उचलत नव्हता हे त्या मांडवात सगळ्यांना माहीत होतं.

आप्पा तिच्या शेजारी मांडी घालून बसले. तिच्याच ताटातली भाकरी मोडली, तिच्या वाटीत बुडवली, खाल्ली. सावकाश चावली. मिशा पुसल्या आणि वाट बघत बसून राहिले.

"हाय का न्हाई म्या अजून?" ते म्हणाले.

शैला हसली. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण हसली. नळी हातात घेऊन तिनं उलटसुलट करून बघितली.

"आप्पा, ह्यातलं काढायचं कसं असतंय?"

"ताटावर आपट."

तिनं हळूच आपटली.

"लाजतीस काय? जोरात!"

तिनं अशी आपटली की पंगतीच्या दुसऱ्या टोकाचीही माणसं वळून बघू लागली. मी पळी हातात धरून पातेल्यापाशी उभी होते. तिनं नळी तोंडाला लावली आणि तिच्या भुवया वर गेल्या.

पहिला घास झाला. मग मी पाठ फिरवली.